समोरचा आणि मागून येणारा

मुष्टियुद्धात थोर कोण, असं विचारलं की आधी आकडे पुढे येतात. रॉकी मार्सियानो व्यावसायिक रिंगणात ४९ लढती लढला, सगळ्या जिंकला आणि १९५६ साली हेवीवेट गटाचा जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदर ५० लढला आणि पन्नासही जिंकला. आकडा डोळे दिपवतो. पण त्या पन्नासाव्या लढतीत, २०१७ साली, मेवेदरसमोर कोण होतं? कॉनर मॅकग्रेगर. वेगळ्या लढाऊ खेळात नाव कमावलेला, पण व्यावसायिक मुष्टियुद्धात त्या रात्री पहिल्यांदाच उतरलेला. नोंदवहीत हा विजयही आधीच्या एकोणपन्नासांच्या रांगेतच बसला. अंगाला ठोसा लागू न देण्याची मेवेदरची कला असामान्य होती, हे मी मनापासून मानते. तरीही त्याची थोरवी सांगायला हा आकडा मला पुरत नाही.

जगज्जेतेपदाच्या पट्ट्यांची मोजदाद त्याहून कमी उपयोगाची. पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात आज १७ वजनगट आहेत आणि जगज्जेतेपद देणाऱ्या प्रमुख संघटना चार. म्हणजे एकाच वेळी ६८ जगज्जेते असू शकतात. जो लुईच्या काळी वजनगट आठ होते, आणि हेवीवेटचा जगज्जेता कोण, हे रस्त्यानं जाणारा माणूसही सांगू शकत असे. आज हौशी चाहत्यालाही चौघांची नावं धडपणे सांगता येत नाहीत.

मग मोजायचं कशानं? या पुस्तकातली सगळी प्रकरणं लिहीत असताना हा प्रश्न माझ्यासमोर होता, आणि त्याचं उत्तर इथे सुरुवातीलाच देऊन टाकते. मुष्टियोद्ध्याची थोरवी त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. अर्धी थोरवी त्याला समोरचा माणूस देतो. उरलेली अर्धी मागून येणारी माणसं देतात, ज्यांनी त्याला पाहून पहिल्यांदा हाताला पट्ट्या गुंडाळल्या. समोर कुणी तोलामोलाचं नव्हतं, तर तो नुसता विजेता. मागून कुणी आलं नाही, तर तो आपल्या काळापुरता.

आधी समोरच्याबद्दल.

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जो लुई हरला. तोवर व्यावसायिक लढतीत तो कुणाकडूनही हरला नव्हता. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनं त्याच्या आधीच्या लढती बारकाईनं पाहिल्या होत्या आणि एक खोड हेरली होती: डाव्या हातानं जॅब मारल्यावर लुई तो हात क्षणभर खाली सोडतो. श्मेलिंगनं आपला उजवा हात रात्रभर त्या एका फटीसाठी राखून ठेवला. बाराव्या फेरीत लुई आडवा झाला. पुढच्या वर्षी लुई जगज्जेता झाला, पण श्मेलिंगचा हिशेब चुकता होईपर्यंत ते पद त्याला स्वतःलाच अपुरं वाटत होतं. २२ जून १९३८ रोजी दोघं त्याच मैदानात पुन्हा भेटले. हिटलरच्या जर्मनीनं श्मेलिंगला आपल्या वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवायला घेतलं होतं, आणि ज्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कित्येक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसताही येत नव्हतं, ती अमेरिका एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मुठींकडे डोळे लावून बसली होती. लढत १२४ सेकंदांत संपली. लुईचा डावा हात या वेळी खाली आला नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्यानं दोन ज्यू मुलांना आपल्याकडे लपवलं. युद्धानंतर लुई कराच्या थकबाकीत बुडाला, श्मेलिंग व्यवसायात सावरला, आणि दोघं मित्र झाले. १९८१ साली लुई गेला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चातला वाटा श्मेलिंगनं उचलला. लुईनं सलग २५ वेळा जगज्जेतेपद राखलं, हा विक्रम हेवीवेट गटात आजही उभा आहे. पण त्या लढतींतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी बहुतेकांची नावं अभ्यासकालाही वही उघडून पाहावी लागतात. श्मेलिंगचं नाव कुणाला पाहावं लागत नाही, कारण लुईला लुई करणारा तो होता.

शुगर रे रॉबिन्सनचं तसंच. पहिल्या ४० लढतींत तो अजिंक्य होता. १९४३ साली डेट्रॉइटमध्ये जेक लामोटानं त्याला हरवलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं रॉबिन्सन कुणालाच हरवता आला नाही. दोघं एकूण सहा वेळा लढले, पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. वजनगट बाजूला ठेवून सर्वांत सरस कोण, ही चर्चा निघाली की आजही त्याचं नाव आधी येतं. ती एक हार त्याच्या नोंदीतून खोडून टाकता आली असती, तर माझ्या दृष्टीनं रॉबिन्सन लहान झाला असता.

मुहम्मद अलीबद्दल या पुस्तकात मोठं प्रकरण आहे, त्यामुळे इथे एकाच लढतीपाशी थांबते. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली आणि जो फ्रेझियर तिसऱ्यांदा समोरासमोर. त्या उकाड्यात चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळपास मिटले होते, अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतही नव्हता. पंधराव्या फेरीची घंटा होण्याआधी फ्रेझियरचा प्रशिक्षक एडी फच यानं लढत थांबवली. फ्रेझियर विनवत राहिला, फचनं ऐकलं नाही. मुष्टियुद्धाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय मला हा वाटतो, आणि तो त्या दिवशी रिंगणात न लढलेल्या माणसानं घेतला. त्या काळात रिंगणात दगावलेली माणसं फचनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. फ्रेझियर घरी मुलांकडे जिवंत परत जावा, एवढंच त्यानं पाहिलं. अलीनं नंतर कबूल केलं की त्या दिवशी मरण जवळून गेल्यासारखं वाटलं होतं. फ्रेझियर नसता तर अली देखणा, वेगवान, हजरजबाबी जगज्जेता राहिला असता. त्याच्या आत किती तग आहे, हे जगाला कळलं ते फ्रेझियरमुळे.

अलीच्या थोरवीत रिंगणाबाहेरचा वाटा मोठा आहे, हे खरंच. १९६७ साली व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यानं नकार दिला. पद गेलं, परवाने गेले, वयाची पंचवीस ते अठ्ठावीस ही मुष्टियोद्ध्याची सोन्यासारखी वर्षं गेली. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या नकाराबद्दल झालेली शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं कुणी परत दिली नाहीत. १९७४ साली किन्शासात जॉर्ज फोरमनसमोर उतरला तो बत्तीस वर्षांचा अली होता, पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. म्हणून तो दोरांना रेलून मार खात राहिला, फोरमनला दमू दिलं आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं. त्या मारानं लढत जिंकून दिली, पण त्याची किंमतही वसूल केली. १९८४ साली पार्किन्सनचं निदान झालं. १९९६ साली अटलांटात थरथरत्या हातानं त्यानं ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या जगानं हेही लक्षात ठेवायला हवं होतं की १९८० साली लॅरी होम्ससमोर त्याला उतरू देणारे लोक होते, आणि ते त्याचे चाहतेच होते. थोर खेळाडूनं वेळेवर थांबावं, अशी अट मी घालत नाही. थांबवायचं काम कोपऱ्यातल्यांचं असतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी माणसाला थोर लढवय्ये ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ते कुस्तीनं केव्हाच शिकवलं आहे. गावोगाव तालमी, जत्रेतले फड, फेट्याचा मान, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या जोड्या. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि सांगलीकडचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक १९५२ चं, पण कराडच्या परिसरात ते कालचं असल्यासारखं सांगतात. कुणाची कुस्ती कुणाशी लागली, किती वेळ चालली, कोणत्या डावावर सुटली, हे सांगणारी माणसं आजही तालमीच्या कट्ट्यावर भेटतात. पैलवान मोठा होतो तो या सांगण्यातून.

मुष्टियुद्धाला मराठीत हा कट्टा मिळालाच नाही. हा खेळ आपल्याकडे लष्कराच्या छावण्यांतून, रेल्वे आणि पोलिसांच्या संघांतून, इंग्रजी शाळांतून आला. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना १९२५ साली स्थापन झाली. म्हणजे आपल्याकडची परंपरा शंभर वर्षांची आहे, पण ती बरॅकमध्ये आणि नागपाड्यासारख्या काही मोहल्ल्यांत राहिली, गावच्या पारावर आली नाही. म्हणूनच मराठी मातीतला एक मुष्टियोद्धा जगात पहिला आला, तेव्हा आपल्याला ते समजायला जवळपास अर्धं शतक लागलं.

मुरलीकांत पेटकर. जन्म १ नोव्हेंबर १९४४, सांगली जिल्ह्यातलं पेठ इस्लामपूर. लहानपणी सैन्यात गेले, इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स म्हणजे ईएमई या दलात क्राफ्ट्समन झाले, आणि सैन्यानं त्यांच्या हातात ग्लोव्हज दिले. १९६४ साली टोकियोत सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा मेळाव्यात त्यांनी मुष्टियुद्धात पदक मिळवलं. वय विशीच्या आसपास. वजन कमी, पाय हलके, समोर आयुष्य पडलेलं. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात, सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. कंबरेखालचं शरीर निकामी झालं. मुष्टियोद्ध्याचा ठोसा हातातून निघतो असं बघणाऱ्याला वाटतं. शिकवणाऱ्याला विचारा. तो मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, गुडघा, नितंब, कंबर, खांदा असा चढत मुठीत येतो. पेटकरांच्या शरीरातली ती सगळी साखळी तुटली. उरले होते फक्त खांदे आणि हात.

त्या हातांनी त्यांनी काय केलं, ते पाहा. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं होतं, तिथे ते पोहायला लागले. भालाफेक आणि गोळाफेक शिकले, टेबल टेनिस खेळू लागले. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिसमध्ये उतरले. १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य. आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह सुवर्ण. त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची स्लॅलम या तिन्ही प्रकारांत अंतिम फेरीपर्यंत. अभिनव बिंद्राचं बीजिंगचं सुवर्ण यायला अजून छत्तीस वर्षं होती. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला, तेव्हा कुठे शाळकरी मुलांना त्यांचं नाव कळलं. जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये. ऐंशी वर्षांचे होते ते.

पेटकरांना या पुस्तकात पहिलं प्रकरण का दिलं, असं मला विचारलं जाईल. मुष्टियुद्धाच्या काटेकोर हिशेबानं त्यांची कारकीर्द अगदी आखूड आहे. अलीच्या किंवा मेरी कोमच्या शेजारी त्या काही लढती ठेवता येणार नाहीत, आणि मी ठेवतही नाही. त्यांची जागतिक कीर्ती जलतरणाची आहे. तरी माझं म्हणणं असं की रिंगणानं माणसात जे घडवायचं असतं, ते त्यांच्यात घडून गेलं होतं, आणि गोळ्यांना ते काढून घेता आलं नाही. समोरचा दिसत नसताना उभं राहायचं कसं, ठोसा खाऊन श्वास परत आणायचा कसा, आठ मोजेपर्यंतचा वेळ कसा वापरायचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आयुष्यात समोरचा प्रतिस्पर्धी त्यांचं स्वतःचं अंगच झालं होतं. अशी जोड दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेली मला माहीत नाही.

आणि मागून येणारे? इथे मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. पेटकरांच्या मागे मराठी मुलांची रांग लागायला हवी होती. १९७२ साली त्यांची कहाणी मराठी पाठ्यपुस्तकात आली असती, एखाद्या प्रशिक्षकानं त्यांना शाळाशाळांतून फिरवलं असतं, तर इस्लामपूर आज कदाचित वेगळ्या कारणानं देशभर माहीत असतं. रांग आपोआप लागत नाही. ती लावणारं कुणीतरी लागतं.

हरियाणात ते झालं. हवा सिंग १९६६ आणि १९७० या दोन्ही वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटात सुवर्ण जिंकून आले. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते भिवानीत मुलं घडवत बसले. २००८ साली बीजिंगला गेलेल्या भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी चौघं त्या एका भिवानीचे, आणि त्यातल्या विजेंदर सिंगनं देशाचं मुष्टियुद्धातलं पहिलं ऑलिंपिक पदक आणलं. हवा सिंग तोवर हयात नव्हते. द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला, पण तो हातात पडण्याआधीच २००० साली ते गेले.

मणिपूरमध्ये हीच गोष्ट आणखी वेगानं घडली. अनाथाश्रमात वाढलेल्या डिंको सिंगनं १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत बँटमवेट गटाचं सुवर्ण जिंकलं. त्याला आधी संघातून वगळलं होतं, मग घेतलं. ते सुवर्ण पाहून चुराचांदपूर जिल्ह्यातल्या एका शेतमजूर घरातल्या मुलीनं ॲथलेटिक्स सोडून ग्लोव्हज घातले. मेरी कोमनं पुढे २००२ ते २०१८ या काळात सहा जागतिक अजिंक्यपदं मिळवली, त्यातली काही जुळ्या मुलांची आई झाल्यावर. महिलांचं मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आलंच मुळी २०१२ साली, आणि त्या पहिल्याच वर्षी लंडनमध्ये तिनं कांस्य घेतलं. डिंको २०२१ साली कर्करोगाशी झुंजून गेला, वय जेमतेम ४२. त्याच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही. तरी भारतीय मुष्टियुद्धातला थोर माणूस कोण, असं विचारलं तर मी डिंकोचं नाव विजेंदरच्या आधी घेईन, कारण त्याच्या एका सुवर्णातून मेरी निघाली.

मेरीच्या मागे कोण आलं, ते सांगायला मला आपल्या शहरातल्या मुकुंदवाडीच्या स्टेशनवर यावं लागतं.

या स्टेशनवरून जाणारी मनमाड–सिकंदराबाद रेल्वे निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकली गेली. इथून ती जालना, परभणी, नांदेड, मुदखेड, बासर असं करत निजामाबादला पोचते. त्या निजामाबादेत १९९६ साली निखत झरीन जन्मली. मुलीच्या जातीनं अर्धी चड्डी घालून लोकांसमोर मारामारी करायची, हे ऐकवणारे नातेवाईक आणि शेजारी तिलाही होते. वडील स्वतः खेळाडू असल्यानं ते पाठीशी उभे राहिले. २०११ साली, पंधरा वर्षांची होण्याआधीच, ती तुर्कस्तानात ज्युनिअर गटाची जगज्जेती झाली. २०१७ साली खांदा निखळला आणि जवळपास वर्ष गेलं. मेरी कोम तिची आदर्श. आणि २०१९ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी एकाच वजनगटात दोघी आल्या, तेव्हा निखतनं निवड चाचणीची मागणी केली. म्हणजे ज्या व्यक्तीला ती आदर्श मानत होती, तिच्याशीच तिनं लढत मागितली. केवढं धाडस लागलं असेल त्याला! २८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत लढत झाली. मेरी ९–१ अशी जिंकली, आणि लढतीनंतर तिनं हातही मिळवला नाही.

अनेकांनी तेव्हा मेरीला बोल लावले. मला त्या क्षणी दोघींबद्दलही आदर वाटला. छत्तीस-सदतीस वर्षांची मेरी आपली जागा सहज सोडणार नव्हती, आणि सोडायची तरी का? निखतला जे हवं होतं ते ऑलिंपिकचं तिकीट, पण तिला मिळालं त्याहून मोठं काही: आपण अजून कुठे कमी आहोत, हे तिला देशातल्या सर्वोत्तम हातांनी दाखवलं. १९ मे २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये थायलंडच्या जितपोंग जुतामासला ५–० असं हरवून ती सीनिअर गटाची जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. समोरची आणि मागून येणारी या दोन्ही गोष्टी एकाच जोडीत मला दुसरीकडे कुठे दिसल्या नाहीत.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निखत चीनच्या वू यू हिच्याकडून लवकर हरली. वजन गाठण्यासाठी दोन दिवस अन्नपाण्याशिवाय काढावे लागल्याचं तिनं नंतर सांगितलं. मुकुंदवाडीच्या वाचकाला पाण्याशिवाय राहणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. जालना रस्ता, चिकलठाण्याची एमआयडीसी, विमानतळ आणि रेल्वे रूळ यांच्या मधोमध ही वस्ती वाढली. पोटासाठी गाव सोडून आलेली माणसं इथे राहिली, कारखान्यांच्या पाळ्यांवर घड्याळ लावून जगू लागली. २०१९ साली पावसानं ओढ दिली, तेव्हा इथली मुलं रिकाम्या कॅन आणि हंडे घेऊन रेल्वेनं मुख्य स्टेशनला जात आणि भरून आणत. परदेशी वृत्तसंस्थांनीही ती बातमी दिली होती. धावत्या गाडीच्या वेळेत, गर्दीतून, भरलेलं भांडं न सांडता खाली उतरवणाऱ्या मुलाच्या पायांत आणि खांद्यांत काय ताकद असते, ती मी रोज खेळाच्या तासाला पाहते. त्याला तोल शिकवावा लागत नाही. त्याला हवा असतो रोजचा एक ग्लास दूध, दोन अंडी, आणि संध्याकाळी वेळेवर येणारा प्रशिक्षक.

मुष्टियुद्ध स्वस्त खेळ आहे, असं म्हणतात. दोरीच्या उड्या, एक लटकती बॅग, ग्लोव्हजची जोडी, हातपट्ट्या, दातांचं गार्ड, हेडगार्ड. घोडेस्वारी किंवा नेमबाजीच्या मानानं खरंच स्वस्त. पण आहार स्वस्त नाही आणि दुखापत तर मुळीच नाही. म्हणून गरीब वस्तीतल्या मुलांना हा खेळ दाखवताना मी पालकांना भीतीची बाजू आधी सांगते. १९८२ साली कोरियाचा किम डुक-कू जगज्जेतेपदाच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या. आपली मुलं खेळतात ते हौशी मुष्टियुद्ध वेगळं आहे: तीनच फेऱ्या, पाच गुणपंच, प्रत्येक फेरीत सरस ठरणाऱ्याला दहा गुण आणि दुसऱ्याला नऊ किंवा त्याहून कमी. इथे पाडण्यापेक्षा स्वच्छ ठोसा लावून निसटण्याला किंमत आहे. तरी डोकं हे डोकंच. डॉक्टरची तपासणी नसलेल्या आणि लढत थांबवायला कचरणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती मूल देऊ नका, एवढं मी ठासून सांगते.

महाराष्ट्रात आता रांग लागू लागली आहे, हेही सांगायला हवं. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं मुष्टियुद्धाला घर दिलं. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथे घडला आणि २०१९ साली इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्ण जिंकून आला. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली. पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली स्पेनमध्ये, ५२ किलो गटात. पुण्यातच सैन्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून मुष्टियोद्धे घडवते आहे. या मुलामुलींना मी थोर म्हणणार नाही, अजून तरी नाही. युवा गटातली कित्येक सोनेरी नावं सीनिअर गटात पोचता पोचता विरून जातात. त्यांच्यासमोर अजून त्यांचा श्मेलिंग, त्यांची मेरी यायची आहे. ती हार आल्यावर त्यांनी हात खाली सोडायची खोड सुधारली की नाही, ते पाहून मग बोलू.

मराठवाड्याची जागा या यादीत अजून रिकामी आहे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं, मोठं केंद्र आहे, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. इथून तिथे रोज जायचं म्हणजे दोन रिक्षा आणि आईची एक पाळी बुडवणं. अंतर हासुद्धा एक प्रतिस्पर्धी असतो, आणि वस्तीत एखादी बॅग टांगायला जागा मिळाली तर त्याला हरवता येतं.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडंसं. प्रकरणं काळाच्या क्रमानं नाहीत, जोड्यांच्या क्रमानं आहेत. पेटकर एकटे आहेत, म्हणून ते सर्वांत आधी. त्यानंतर लुई आणि श्मेलिंग, रॉबिन्सन आणि लामोटा, अली आणि फ्रेझियर. हवा सिंगांच्या प्रकरणात लढतींपेक्षा भिवानीचे दिवस जास्त आहेत, कारण तिथेच ते मोठे झाले असं मला वाटतं. डिंको, मेरी आणि निखत ही तीन प्रकरणं मात्र सलग आहेत आणि ती सलगच वाचावीत, अशी विनंती आहे. मधलं सोडलं तर २०१९ च्या त्या डिसेंबरातल्या लढतीत कोण कुणासमोर उभं होतं, ते नीट कळणार नाही.